थंड प्रदेशातल्या केबिनला सोलरवर पाणी: पुण्याच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

स्पिती किंवा लडाखमध्ये स्थानिक भागीदाराबरोबर छोटी केबिन उभारायची, हिवाळ्यातही ती चालू ठेवायची, असा बेत पुण्यातल्या ट्रेकिंगवाल्या मंडळींच्या गप्पांत हल्ली वरचेवर निघतो. मग तपकीर गल्लीतून वायर, सोलर कंट्रोलर (पॅनेलची वीज सांभाळून पुढे देणारं यंत्र), फिटिंग असं सामान घेतलं जातं आणि आराखडाही इथलाच जातो: बोअरमध्ये मोटर, गच्चीवर टाकी, टाकीतून खाली उतरणारा पाईप, तो चोवीस तास भरलेला. पुण्यात हे अगदी बरोबर आहे, कारण इथे पाईपातलं पाणी कधी गोठत नाही. स्पितीतल्या काझाला जानेवारीतल्या रात्री पारा उणे 20 च्याही खाली जातो. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि त्या जोरापुढे पाईप, कोपर, नळ काहीच टिकत नाही.

म्हणून आराखडा काढताना पहिला प्रश्न ‘मोटर किती एचपीची’ हा नको. रात्री पाणी कुठे कुठे थांबून राहणार आहे, हे आधी कागदावर मांडा. पाणी फक्त दोनच ठिकाणी थांबलं पाहिजे: जमीन गोठते त्या खोलीच्या खाली आणि घराच्या उबेत. मधला सगळा पाईप रिकामा.

पाईप भरलेला ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोटर बंद झाल्यावर वर जाणाऱ्या पाईपातलं पाणी आपोआप परत बोअरमध्ये पडलं पाहिजे. आपल्याकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) ते अडवून धरतो. तिथे त्या व्हॉल्व्हच्या वर, पण जमीन गोठते त्या पातळीच्या बऱ्याच खाली, पाईपाला 2-3 मिलिमीटरचं एक भोक पाडतात. मोटर चालू असताना थोडं पाणी तिथून परत पडतं, ते पडू द्यावं. मोटर थांबली की पाईप काही मिनिटांत रिकामा होतो.

पण भोक पाडून काम संपत नाही. बोअरपासून घरापर्यंतच्या पाईपाला बोअरकडे सलग उतार हवा. मध्ये कुठे झोळ पडला, तर त्या झोळात वाटीभर पाणी राहतं आणि बर्फाचा बूच तिथेच बसतो. दुसरं म्हणजे, टाकीत पडणारं पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत उघडं हवं. ते पाण्यात बुडलेलं असेल, तर सायफन होऊन रात्रीत टाकीच बोअरमध्ये रिकामी होते.

पाईप काळा एचडीपीई (लवचीक प्लास्टिकचा) घ्या. यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी, थंडीत ठिसूळ होतो. एचडीपीई थोडा ताणला जातो, त्यामुळे एखाद-दुसऱ्या वेळी गोठलं तरी निभावतं. जमीन किती खोल गोठते, हे मात्र गावात पाईप पुरणाऱ्या माणसाला विचारा. उतार, माती, सावली यांप्रमाणे एकाच गावात ती खोली बदलते.

बॉल व्हॉल्व्हबद्दल एक खास सूचना. पाईप रिकामा करून व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, तरी आतल्या गोळ्याच्या पोकळीत पाणी अडकून राहतं आणि व्हॉल्व्हची बॉडी तडकते. केबिन बंद करून निघताना पाणी काढून झालं की हँडल अर्ध्यावर, तिरकं ठेवा.

पाण्याऐवजी वीज साठवणं

‘पाईपाला हीटिंग टेप (विजेवर तापणारी पट्टी) गुंडाळू आणि बॅटरी मोठी घेऊ’ हा उपाय हमखास सुचतो. त्याचा हिशेब करून पाहा. 1000 लिटर पाणी 30 मीटर वर चढवायला, पंपाची कार्यक्षमता 40 टक्के धरली तरी, जेमतेम 0.2 युनिट वीज लागते. 20 मीटर पाईपाला मीटरमागे 15 वॅटची टेप रात्रीचे 15 तास चालवली, तर साडेचार युनिट जातात. म्हणजे पाणी चढवण्याच्या वीसपटीहून जास्त वीज ते नुसतं न गोठू देण्यात खर्ची पडते, आणि तीही ऊन नसताना.

त्यापेक्षा टाकी घरात घ्या. चार माणसांना रोज 200 लिटर धरलं, तर 1000 लिटरची टाकी पाच ढगाळ दिवस काढते. ऊन असेल तेव्हा पंप थेट पॅनेलवर चालवा. त्यासाठी डीसी स्क्रू पंप उत्तम: कोवळ्या उन्हात तो सावकाश चालतो, पण पाणी पूर्ण उंचीवर पोचवतो. भरलेल्या टाकीचं वजन एक टन होतं, तेव्हा ती पोटमाळ्यावर नको, पक्क्या जमिनीवर ठेवा. तिथून नळाला दाब द्यायला छोटा 24 व्होल्टचा प्रेशर पंप पुरतो.

त्या पंपापुरती आणि दिव्यांपुरती बॅटरीही घरातच ठेवा. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली, तर आत लिथियमचा थर जमून ती कायमची खराब होते. बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे खरेदीच्या वेळीच विचारा. पुण्यातल्या दुकानात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, त्यामुळे आपणहून कुणी सांगणार नाही.

पॅनेलचं गणित

थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, 25 अंशांच्या खाली दर अंशाला सुमारे 0.3 टक्के. पॅनेलमागच्या लेबलावर ओपन सर्किट व्होल्टेज (काही जोडलेलं नसतानाचं) 45 लिहिलंय, अशी दोन पॅनेलं सिरीजमध्ये, एकापुढे एक, जोडली की 90 होतात. कंट्रोलरची मर्यादा 100 असेल, तर पुण्याच्या 10 अंशांच्या सकाळी ते 94 पर्यंत जातं आणि चालून जातं. उणे 20 ला तेच 102 होतं. बर्फाळ सकाळी पहिल्या उन्हाला कंट्रोलर जळतो तो यामुळे, आणि दोष मात्र मालाला दिला जातो.

डिसेंबरात दुपारी बारा वाजता सूर्य पुण्यात क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, काझात 34 वर. दक्षिणेचा डोंगर तेवढा उंच दिसत असेल, तर तिथे पॅनेल लावण्यात अर्थ नाही. जागा पाहायला उन्हाळ्यात गेलात, तर हे लक्षातच येत नाही. पॅनेलला इथल्यासारखा 20 अंशांचा कल देऊ नका. मी 60 अंशच सांगेन: हिवाळ्याचं ऊन जवळजवळ सरळ पडतं आणि बर्फ घसरून जातो.

मोनोब्लॉक आणि सोलर हीटर

जमिनीवर ठेवायच्या मोनोब्लॉक पंपाने पाणी ओढायचा विचार सोडा. असा पंप हवेच्या दाबाच्या जोरावरच पाणी वर ओढतो. लेहच्या 3500 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्यक्षात चार मीटरच्या पलीकडे भरवसा नाही. शिवाय पंपाच्या पोटात पाणी राहतं ते वेगळंच. पाण्यात बुडालेला सबमर्सिबलच हवा.

पुण्याच्या गच्च्यांवरचा साधा फ्लॅट प्लेट हीटरही नको, त्याच्या आतल्या तांब्याच्या नळ्या पहिल्याच थंडीत फुटतात. गरम पाणी हवंच असेल, तर बंद चक्रात प्रोपिलीन ग्लायकॉल (थंडीत न गोठणारा द्रव) फिरवणारी व्यवस्था घ्या. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते घरगुती पाण्याच्या आसपास नकोच.

बिघाड झालाच तर

पंप चालतोय पण टाकीत पाणी पडत नाही, असं दिसलं तर आधी पंप बंद करा. स्क्रू पंप बंद पाईपावर चालत राहिला, तर दाब चढून पाईप किंवा पंपच जातो. मग झोळ शोधा. बूच बहुधा तिथे किंवा पाईप भिंतीतून आत शिरतो त्या जागी असतो. वितळवताना टाकीकडचं टोक उघडं ठेवा, त्या बाजूने सुरुवात करून मागे मागे या. गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळा, ब्लो टॉर्च लावू नका. बर्फ असेपर्यंत चीर दिसत नाही, गळती वितळल्यावरच सुरू होते, म्हणून पाणी परत सुरू केल्यावर तासभर तिथेच थांबा.

नळ थेंब थेंब चालू ठेवला की पाणी गोठत नाही, असं कुणी सांगेल. तसं करू नका: ते थेंब सांडपाण्याच्या पाइपात एकावर एक गोठतात आणि दोन-तीन रात्रींत मोरी तुंबते. वापरलेलं पाणी बादलीत साठवून एकदम ओता, आणि केबिन सोडताना बेसिनखालचा बॉटल ट्रॅप उघडून रिकामा करा.