गिअरबॉक्स उघडण्याआधी लिंकेज बघा: जुन्या मोटरसायकलवर या चुका टाळा

पहिल्यातून दुसरा टाकला, इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी काही ओढेना. पाय परत उचलला तेव्हा कुठे खट्कन दुसरा पडला. जुन्या मोटरसायकलवर हे सुरू झालं की पहिला संशय क्लचवर जातो आणि दुसरा गिअरबॉक्सवर. मीही माझ्या गाडीच्या क्लच प्लेटा बदलल्या, ऑइल बदललं, केबल नवी टाकली. दुसरा गिअर तसाच हुकत राहिला. शेवटी एका संध्याकाळी गाडीशेजारी मांडी घालून बसलो, गिअरचा लिव्हर हाताने सावकाश वर उचलला आणि नजर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर ठेवली. लिव्हरचं टोक बोटभर वर आलं तरी शाफ्ट जागचा हललेला नव्हता. पायाची निम्मी चाल वाटेतल्या ढिल्या सांध्यांतच जिरत होती.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: बाहेरचं लिंकेज, म्हणजे पायाच्या लिव्हरची हालचाल शाफ्टपर्यंत पोचवणारा रॉड आणि त्याचे सांधे, न तपासता इंजिनाला हात घालणं.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. इंजिन बंद करा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या, लिंकेज डिझेलने धुऊन पुसून कोरडं करा. आता एका हाताने लिव्हर वर-खाली हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर टेकवा. लिव्हर ज्या बोल्टवर फिरतो तिथला बुश, रॉडच्या दोन टोकांचे बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचे सांधे) आणि शाफ्टच्या दात्यांवर बसलेला आर्म (रॉडची ओढ शाफ्टला देणारी छोटी दांडी), या चारही जागा बघायच्या. सैल सांधा बोटाखाली टिचकी मारल्यासारखा लागतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला कळतं.

मग रॉड आर्मपासून सोडवा आणि नुसता आर्म हाताने फिरवून गिअर टाकून बघा. मागचं चाक दुसऱ्या हाताने फिरवत राहा, कारण चाक थांबलेलं असताना आतले दाते समोरासमोर आले तर चांगल्या गिअरबॉक्समध्येही गिअर पडत नाही. असे सगळे गिअर स्वच्छ पडत असतील आणि आर्म दर वेळी आपोआप मध्यावर परत येत असेल, तर दोष बाहेर आहे. आर्म मध्यावर येत नसेल तर आतली रिटर्न स्प्रिंग किंवा वाकलेला शाफ्ट बघावा लागेल. लिंकेज घट्ट असूनही चढावर जोर दिला की गिअर सुटत असेल, तर मात्र आत शिरण्यावाचून इलाज नाही.

दात्यांवरचा खेळ (ढिलेपणा) "थोडासाच आहे" म्हणून सोडून देणं

बाकीच्या सांध्यांपेक्षा ही जागा मी आधी बघतो, आणि त्यामागे साधं गणित आहे. शाफ्टच्या मध्यापासून दाते ६ मिमीवर आणि आर्मचं टोक ४५ मिमीवर आहे असं धरा. दात्यांवर ०.२ मिमी खेळ असला तर आर्मच्या टोकाला तो दीड मिमी होतो. पुढे लिव्हरची पायाकडची बाजू रॉडकडच्या बाजूपेक्षा तिप्पट लांब असेल तर पायाखाली साडेचार मिमी जातात. तेवढाच ०.२ मिमी खेळ बॉल जॉइंटमध्ये असता तर पायाला जेमतेम ०.६ मिमी जाणवला असता.

आर्म काढल्यावर शाफ्टचे दाते उजेडात धरून बघा. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो. झिजलेला दाता एका अंगाने चकाकतो आणि माथ्याला सुरीसारखी धार आलेली असते. बहुतेक वेळा आर्मचा मऊ धातू आधी झिजतो आणि शाफ्ट वाचतो. अशा वेळी फक्त आर्म बदला. हे काम पुढे ढकललं तर सैल आर्म शाफ्टचेही दाते खातो, आणि शाफ्ट बदलायचा तर बऱ्याच इंजिनांत क्लचच्या बाजूचं कव्हर उतरवावं लागतं.

आर्म ढिला वाटला की आवळबोल्टवर, म्हणजे आर्मची चीर आवळून तो शाफ्टवर पकडणाऱ्या बोल्टवर, जोर काढायचा मोहही टाळा. आधी आर्मची चीर बघा. तिच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या असतील तर बोल्ट कितीही आवळा, दात्यांवर पकड वाढणार नाही, उलट अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघून येतील. नवा आर्म मिळेपर्यंत चीर बारीक कानशीने थोडी रुंद केली तर पकड परत येते. पातळ पत्र्याची पट्टी दात्यांत घालून आवळणं घरी पोचण्यापुरतं ठीक, त्यावर महिनोन् महिने गाडी चालवू नका. ६ मिमीच्या आवळबोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, तरी गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण मानावा.

आर्म शाफ्टला वेल्डिंग करून टाकलेल्या गाड्याही पाहिल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं. त्या उष्णतेने शेजारचं ऑइल सील जळतं. पुढे ते सील बदलायचं म्हटलं तर आर्म निघतच नाही, कापावा लागतो.

काढताना होणारी घाई

आवळबोल्ट नुसता सैल करून आर्म ओढू नका. अनेक गाड्यांत हा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून जातो, त्यामुळे तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय आर्म सुटत नाही. हातोडीने ठोकून काढायला गेलात तर शाफ्टला आणि आतल्या भागांना धक्का बसतो. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर समोरासमोर पंचाची किंवा रंगाची खूण करा, रॉडची लांबी मोजून लिहून ठेवा. एक दाता चुकला तरी लिव्हर पायाच्या जागेवरून बराच हलतो. आर्म वर होता तो खाली बसवला तर गिअरचा क्रमच उलटा होतो, आणि ते पहिल्याच वळणावर अंगाशी येऊ शकतं.

रॉडच्या बाबतीत उलटे आटे लक्षात ठेवा. बहुतेक रॉडना एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, म्हणून रॉड जागेवरच फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. चेकनट (रॉडची लांबी पक्की धरून ठेवणारा नट) हलत नाही म्हणून लांब पाना लावण्याआधी आटे कोणत्या बाजूला चढतात ते नीट बघा. मी एक नट असाच चुकीच्या दिशेने आवळून त्याचे कोपरे घालवले आहेत.

लांबी ठरवताना लिव्हर पायाला सोयीचा लागतो एवढंच बघून थांबू नका. लिव्हर मोकळा असताना रॉड आणि आर्म यांच्यात काटकोन हवा. तो बिघडला की दोन्ही दिशांना सारखी चाल मिळत नाही. वरचे गिअर सहज पडतात आणि खालचे अडतात, किंवा याच्या उलट होतं. लिव्हरची उंची जास्त बदलायची असेल तर ती आर्म एखादा दाता फिरवून बदला, रॉड फक्त बारीक जुळवणीसाठी ठेवा. रॉड इतकाही बाहेर काढू नका की तो दोन-चार आट्यांवरच लटकेल. ६ मिमीच्या आट्यांना किमान ६ मिमी पकड हवी, ८-९ असेल तर उत्तम. चेकनट आवळताना जॉइंट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तो तिरका होतो आणि चालीच्या शेवटी अडकतो.

बुश आणि बॉल जॉइंटमध्ये पातळ फवारा मारून काम भागत नाही. फवारा मळ सोडवायला चांगला, पण दाब पडतो तिथे तो टिकत नाही. चेनचं तेल आणि धूळ मिसळून तिथे पॉलिशची पेस्टच तयार होते. सांधा उघडा, धुवा, मग ग्रीस भरा. रबरी टोपी फाटलेली असेल तर जॉइंटच बदला, कारण खूप झिजलेला बॉल चालत्या गाडीत वाटीतून निसटतो आणि गाडी आहे त्याच गिअरमध्ये राहते.

सगळं बसवल्यावर स्टँडवरच चाक फिरवत वरपर्यंत आणि परत खाली सगळे गिअर टाकून बघा. लिव्हर फूटरेस्टला, स्टँडला किंवा कव्हरला कुठे घासत नाही ना, हेही पाहा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर आवळबोल्ट आणि दोन्ही चेकनट पान्याने पुन्हा तपासा. नवा आर्म दात्यांवर थोडा बसतो, आणि तेव्हा बोल्ट पाव आटा तरी पुढे जातोच.