लिनक्सवर मिडी कीबोर्ड मुका का राहतो? या चुका टाळा

मिडी कीबोर्डवर (संगणकाला जोडून वाजवायचा पियानोसारखा कीबोर्ड) कळ दाबूनही आवाज येत नाही म्हटल्यावर बरेच जण आधी ड्रायव्हर शोधायला लागतात. बहुतेक यूएसबी कीबोर्डना तो लागतच नाही; लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, आल्सा ही ध्वनियंत्रणा त्यांना ओळखते. ओळखलंच नाही तर केबल बदला. चार्जिंगच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे कीबोर्डचा दिवा लागतो पण संगणकाला त्याचा पत्ताच नसतो.

कीबोर्ड दिसतोय, फ्लुइडसिंथही (कीबोर्डच्या निरोपांवरून आवाज तयार करणारा प्रोग्रॅम, म्हणजे सिंथ) चालू आहे, तरी आवाज नाही? मग दोघांची जोडणी राहिली असणार. टर्मिनलमध्ये ‘एकनेक्ट -एल’ चालवा (‘ए’ला चिकटून ‘कनेक्ट’, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत). यादीत कीबोर्ड २० आणि सिंथ १२८ वर असेल तर आज्ञा अशी: ‘एकनेक्ट २०:० १२८:०’. आधी पाठवणारा, मग घेणारा. सिंथ बंद केला किंवा केबल काढली की जोडणी जाते आणि पुढच्या वेळी आकडे बदलू शकतात. स्क्रिप्ट लिहायची तर आकड्यांऐवजी नावं वापरा.

जोडणी ठीक असेल तर साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल, बघा. मिडीतून आवाज जातच नाही, फक्त कुठली कळ किती जोरात दाबली एवढाच निरोप जातो; आवाज सिंथ साउंडफॉन्टमधून घेतो. डेबियन-उबुंटूवर ‘फ्लुइड-साउंडफॉन्ट-जीएम’ हे पॅकेज घाला. आवाज बारीक वाटला तर गेन (सिंथच्या आवाजाची पातळी) ०.२ वरून ०.५ करा, फार वाढवलात तर दाट कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) फाटतात.

आवाज उशिरा येतो, ही तक्रार सर्वांत जास्त. फ्लुइडसिंथ मुळात ६४ फ्रेमचे (आवाजाचे नमुने) १६ बफर (वाजण्याआधी साठवलेले तुकडे) धरतो. म्हणजे १०२४ फ्रेम, ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० फ्रेम) सुमारे २३ मिलिसेकंद. द्रुत लयीत हे बोटांना जाणवतं. क्यूसिंथच्या (फ्लुइडसिंथ माउसने चालवायचा प्रोग्रॅम) सेटअपमध्ये ऑडिओ टॅबवर बफर काउंट ४ केला की हा भाग ६ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. कडकड ऐकू आली तर ८ करा. जॅक हा साउंड सर्व्हर वापरत असाल तर इथले आकडे बदलून काही होत नाही, बफर जॅकमध्येच ठरतो.

कडकड थांबेना म्हणून सिंथ ‘सुडो’ने (प्रशासकाच्या अधिकारात) चालवू नका, आवाज स्पीकरपर्यंत नेणारं पल्सऑडिओ किंवा पाइपवायर तुमच्या लॉगिनखाली चालतं, आवाजच गायब व्हायचा. कडकड थांबायला सिंथला रिअलटाइमची (प्रोसेसर आधी मिळण्याची) परवानगी लागते; ती बहुधा ‘ऑडिओ’ गटाला असते. स्वतःला त्या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. हे लॉगआउट हमखास विसरलं जातं.

पियानोऐवजी ढोल वाजले तर कीबोर्ड चॅनल १० वर (मिडीत तो तालवाद्यांचा) आहे, १ वर आणा. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर स्वर लांबत असतील, तर कीबोर्ड बंद करा आणि पेडलवर पाय न ठेवता पुन्हा चालू करा.