परसातला मेपल आणि पाक ओळखण्याची भानगड

फेब्रुवारी सरत आला की इथे कॅनडातल्या ऑन्टारिओत ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, ‘आमच्या मागच्या अंगणात मेपल आहे, भोक कुठे पाडू?’ मेपलच्या खोडातला गोडसर रस गोळा करून, आटवून मेपल सिरप करायचं असतं, त्यासाठी हे भोक. ज्याला ड्रिल चालवता येतं त्याला भोक जमतं. कस लागतो तो पुढे, बादल्याच्या बादल्या रस आटून भांड्याच्या तळाशी आला की. नेमकं त्याच टप्प्याबद्दल लोक ‘घट्ट झालं की उतरवा’ एवढंच सांगून मोकळे होतात. म्हणून झाडाचं काम आधी भराभर उरकते.

झाड पानं असतानाच ओळखून त्याला चिंधी बांधून ठेवा. बर्फात सगळी खोडं सारखीच दिसतात. शुगर मेपल उत्तम. रेड आणि सिल्व्हर मेपलही चालतात, फक्त त्यांच्या रसात साखर कमी असते आणि त्यांच्या कळ्या लवकर फुगतात. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास ३० सेंटीमीटर तरी हवा. त्याहून बारीक झाडाच्या वाटेला जाऊ नका. एवढ्या झाडाला एकच तोटी (भोकात ठोकायची, रस बाहेर आणणारी नळी), खोड ५० सेंटीमीटरच्या पुढे गेलं तर दुसरी. त्यापुढे हावरटपणा. रस्त्याकडेचं झाड बहुधा नगरपालिकेचं असतं, ते सोडून द्या.

कॅलेंडर बघून भोक पाडू नका, हवामानाचा अंदाज बघा. रात्री उणे ५ अंशांच्या आसपास आणि दिवसा अधिक ५, असं सलग काही दिवस दिसलं की सुरुवात करा. या गोठण्या-वितळण्यानेच खोडातला दाब वरखाली होतो आणि रस वाहतो. नुसतीच थंडी राहिली तर थेंब नाही, नुसतीच ऊब राहिली तरी नाही. आमच्याकडे हा खेळ साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात एवढाच चालतो.

८ मिलिमीटरचं धारदार बिट, चार सेंटीमीटर खोल, किंचित वरच्या दिशेने तिरकं. भुसा पांढरट निघाला तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी निघाला तर जागा बदला. तोटी हलक्या हाताने ठोका आणि आवाज बदलला की थांबा, नाहीतर लाकूड चिरतं आणि रस बाजूने गळत राहतो. झाकणाची, खाण्याच्या वस्तूंसाठीची बादली टांगा. जुन्या बाजारातल्या देखण्या जस्ती बादल्या शोभेलाच ठेवा. त्यांच्या डाखात शिसं असू शकतं.

रस दुधासारखा नासतो. थंड ठेवा आणि तीन-चार दिवसांत आटवा. बादलीत वर बर्फ धरला असेल तर तो खुशाल फेकून द्या. त्यात बहुतेक पाणीच असतं, तेवढंच आटवणं वाचतं.

आता हिशेब. शुगर मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के, आणि सिरपमध्ये हवी ६६ टक्के. म्हणजे एक लिटर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस, आणि एका तोटीतून हंगामभरात मिळतो तो साधारण तेवढाच. उरलेल्या ३९ लिटरांची वाफ होणार. स्वयंपाकघरात आटवा असं सांगणाऱ्याने ती कधी मोजलेली नसते. भिंतींवरून पाणी ओघळतं, वॉलपेपर सुटतो, कपाटांची दारं फुगतात. बाहेर आटवा. प्रोपेनचा बर्नर घ्या किंवा काँक्रीटच्या ब्लॉकची चूल मांडा, आणि वर केटरिंगवाल्यांचे स्टीलचे रुंद, खोलगट ट्रे. ट्रेमध्ये रस दोन बोटांच्या खाली जाऊ देऊ नका, करपला तर सगळा दिवस वाया. फेस वर आला तर लोण्याचा एक कण टाका, लगेच बसतो.

इथवर सगळं सोपं. यापुढचा टप्पा मात्र मला सगळ्यात जास्त छळून गेला, आणि मला वाटतं आपल्या मराठी सुगरणींना तो जास्तच फसवतो. आपल्याला पाक ओळखता येतो ना! गुलाबजामाचा चिकट पाक, लाडवांचा एकतारी, सगळं बोटांच्या चिमटीत कळतं. ती सवय इथे दाराबाहेर ठेवा. मेपल सिरप तयार होतं तेव्हा बोटांत तार येत नाही. तार दिसेपर्यंत थांबलात तर सिरप ६६ टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं आणि चार आठवड्यांनी बाटलीच्या तळाशी खडीसाखर बसते. उलट डोळ्याने ‘घट्ट’ बघू गेलात तर लवकर उतरवाल, कारण रंग गडद झाला की पातळ रसही घट्ट भासतो. ६६ टक्क्यांच्या खाली राहिलेल्या बाटलीत बुरशी धरते किंवा ती आंबते.

चमच्यावरून थेंब न पडता पडद्यासारखं सिरप सुटलं की झालं, हा सल्ला सगळीकडे मिळतो. वर्षानुवर्षं एकाच भांड्यात आटवणाऱ्या माणसाला तो उपयोगी आहे. तुमचा चमचा बर्फातून आला की खिशातून, यावर तो पडदा बदलतो. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

भरवसा ठेवायचा तो थर्मामीटरवर, आणि तोही एका अटीवर. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ अंश वर गेलं की तयार होतं. म्हणून लोक सरळ १०४ अंश पकडतात, आणि तिथेच चुकतात. पाणी नेमकं १०० लाच उकळतं असं नाही. उंचीमुळे फरक पडतोच, पण एकाच अंगणात हवेचा दाब बदलला तरी उत्कलनबिंदू अंशभर सरकू शकतो. शिवाय घरातला थर्मामीटर थोडाफार खोटं बोलतो ते वेगळंच. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी उकळत्या पाण्याचा आकडा घ्या आणि त्यात ४ मिळवा. पाणी ९९.२ ला उकळलं तर तुमची खूण १०३.२. थर्मामीटरची चूकही या हिशेबात निघून जाते.

अंशभराला एवढं महत्त्व का? साखर ६० टक्क्यांवर असते तेव्हा रस खुणेच्या साधारण अंशभरच खाली असतो. तिथून ६६ वर यायला लिटरभर सिरपमागे जेमतेम १३०-१४० ग्रॅम पाणी उडावं लागतं. वाटीभर! सकाळपासून ज्या आचेवर ३० लिटर उडवलेत, त्या आचेवर हे वाटीभर पाणी तुम्ही फोन उचलून ‘हॅलो’ म्हणेपर्यंत जातं. पहिला अंश चढायला अख्खा दिवस जातो, शेवटचा अंश मिनिटांत चढतो.

म्हणून रस पाण्याच्या आकड्यापेक्षा एक-दोन अंश वर गेला की बाहेरची चूल सोडा आणि सगळं घरात आणा. आता वाफ फार उरलेली नाही. भांडं उभट घ्या. रुंद पातेल्यात लिटरभर रस बोटभरच खोल राहतो, थर्मामीटरचं टोक त्यात बुडत नाही किंवा तळाला टेकून भलताच आकडा दाखवतं. आच मध्यम ठेवा. भांडं निम्म्याच्या वर भरू नका, या अवस्थेत रस क्षणात उतू येतो. शेगडीपासून हलू नका, आणि त्या वेळात लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. अंगावर उडालेला पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. खूण आली की आच बंद करून चालत नाही, भांडं शेगडीवरून उचला. जास्त आटलं तर घाबरू नका. थोडा रस घालून उकळा आणि पुन्हा मोजा.

दरवर्षी हे करणार असाल तर सिरपचा हायड्रोमीटर (सिरपमध्ये तरंगून साखरेचं प्रमाण दाखवणारं उपकरण) आणि त्याची उभी नळी घ्याच. उकळतं सिरप नळीत काठोकाठ भरायचं आणि हायड्रोमीटरवरची गरम सिरपची रेघ बघायची. थंड सिरपची रेघ वेगळी असते, तिच्याशी गल्लत करू नका. कॅनडात किमान ६६ ब्रिक्स (म्हणजे ६६ टक्के साखर) लागतात, अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ६६.९. घरच्यासाठी ६६ ते ६७ मध्ये कुठेही थांबा.

गाळायचं ते गरम असतानाच, जाड फेल्टच्या गाळण्यातून. ते आधी कढत पाण्यात भिजवून पिळून घ्या. आटवताना रसातली खनिजं बारीक वाळूसारखी खाली बसतात. मलमलीच्या फडक्यातून ती सरळ पार होतात. ८५ अंशांच्या आसपास बाटल्या भरा, झाकण लावून मिनिटभर आडव्या करा, म्हणजे मानही निर्जंतुक होते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये.

कळ्या फुगल्या आणि रसाला विचित्र वास येऊ लागला की हंगाम संपला. तोट्या काढा आणि कढत पाण्याने धुवा, साबण नको. भोकात बूच, मेण, माती काहीही भरू नका, झाड ते आपलं आपण बुजवतं. पुढच्या वर्षीचं भोक जुन्यापासून निदान १५ सेंटीमीटर बाजूला घ्या.