विद्यापीठात नवा कर्मचारी रुजू होतोय? विभागांनो, या चुका टाळा

नवा कनिष्ठ सहायक आला की दोन-तीन महिन्यांत त्याच त्या तक्रारी कानावर येतात. टिपण्या (मंजुरीसाठी वर पाठवलेले लेखी प्रस्ताव) परत येतात, विद्यार्थ्यांच्या खिडकीवर वाद होतात, पगार निघाला नाही म्हणून तो आस्थापनेत, म्हणजे कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक कागद बघणाऱ्या विभागात, चकरा मारतो. दोष त्याच्या माथी मारला जातो. खरं तर पहिल्या आठवड्यात विभागाने जे करायला हवं होतं ते राहून गेलेलं असतं. कक्ष अधिकारी आणि अधीक्षकांनी पुढच्या गोष्टी मनावर घेतल्या तर यातलं बरंच टळेल.

रुजू अहवालावर फक्त तारीख

तारखेसोबत ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्हानंतर’ हे लिहायलाच हवं. मध्यान्हानंतर रुजू झालेल्याचं वेतन दुसऱ्या दिवसापासून धरलं जातं. सेवाज्येष्ठतेचा प्रश्न निघाला की हाच कागद शोधला जातो. एकाच दिवशी चार-पाच जण रुजू होत असतील तर प्रत्येकाच्या अहवालावर आवक क्रमांक त्याच दिवशी पडला पाहिजे आणि शिक्का मारलेली प्रत त्याच्या हातात दिली पाहिजे.

“सेवापुस्तक करू नंतर”

हे ‘नंतर’ वर्षभर येत नाही. सेवापुस्तकाचं (कर्मचाऱ्याच्या नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या वहीचं) पहिलं पान पहिल्या पंधरा दिवसांत भरून घ्या. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरून, अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायची आणि कर्मचाऱ्याला वाचायला देऊनच त्याची सही घ्यायची. सेवेच्या सर्वसाधारण शर्तींच्या 1981 च्या नियमांनुसार जन्मतारखेत बदल हवा असेल तर सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पुढे निवृत्तीच्या तोंडावर चूक लक्षात आली तर काही उपयोग नाही.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब आणि लग्नानंतर बँकेतलं नाव वेगळंच. यातला एक फरक जरी राहिला तरी वेतन प्रणालीत नोंद अडकते किंवा प्राण क्रमांकाचा (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या खाते क्रमांकाचा) अर्ज परत येतो. म्हणून नियुक्ती आदेश, आधार, पॅन आणि बँक पासबुक हे चारही कागद पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लगेच मागा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के वर्गणी कापली जाते. प्राण क्रमांक उशिरा मिळाला तर मागची थकबाकीही कापावी लागते आणि आधीच ओढाताणीत असलेल्या घराला ते जड जातं.

पहिला पगार लांबणार असेल तर तसं स्पष्ट सांगा. घरभाडं आणि अनामत भरून आलेल्या माणसाला “होईल, होईल” म्हणण्यापेक्षा कुठला कागद कुठल्या टेबलावर आहे हे सांगितलेलं बरं.

प्रभार तोंडी देणं

“हे कपाट तुमचं, किल्ली इथे असते.” एवढ्यावर प्रभार, म्हणजे टेबलाचं काम आणि कागद, सोपवला की सहा महिन्यांनी कोणाला तरी नोटीस येते. प्रभार यादी लेखीच हवी. तीत प्रत्येक नस्तीचा (फाइलचा) क्रमांक, विषय, शेवटचं पान, सध्या कोणाकडे आहे आणि मुदत कधी संपते हे असावं. शिक्के, किल्ल्या आणि डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीप्रमाणे) वस्तू मोजून द्यायच्या. न्यायालयीन प्रकरणं, लेखा आक्षेप आणि माहिती अधिकाराचे अर्ज यांची यादी वेगळी करा, कारण यांत दिवस मोजले जातात. माहितीच्या अर्जाला उत्तर द्यायला 30 दिवस असतात आणि अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर 5 दिवसांत हस्तांतरित करावा लागतो. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो अर्ज टपालाच्या गठ्ठ्यात ठेवून देतो.

आधीचा कर्मचारी निवृत्त झाला असेल किंवा जागा वर्षानुवर्षं रिकामी असेल तर यादी कोण करणार? अशा वेळी कक्ष अधिकाऱ्याने स्वतः नव्या माणसासोबत बसून ती करावी. त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं प्रशिक्षण नाही.

“जुनी नस्ती बघा आणि तसंच लिहा”

जुन्या नस्तीत जुनी चूकही असते. नव्या माणसाची टिपणी बहुधा अशी येते: “विभागास कागदाची आवश्यकता आहे. मान्यतेस्तव सादर.” ती वित्त विभागातून परत येणारच. त्याला एकदा समोर बसवून हीच टिपणी पूर्ण करून दाखवा. मागणी किती, समजा 40 रिम. साठा रजिस्टरप्रमाणे शिल्लक किती. मागच्या वर्षी याच काळात वापर किती झाला. दर कुठून घेतला. खर्च कोणत्या अर्थसंकल्पीय शीर्षातून. त्या शीर्षाखाली तरतूद किती, आजवर खर्च किती, उरले किती. शेवटी नेमकी कशाला मान्यता हवी ते एका वाक्यात. परिच्छेदांना क्रमांक आणि पत्रव्यवहाराला पान क्रमांक घालायचे, म्हणजे वरचे अधिकारी “पृष्ठ 12 पहा” म्हणू शकतात.

पहिल्या दहा टिपण्या सही करण्याआधी तपासा आणि चूक पेन्सिलीने दाखवा. लाल शाईने सगळ्यांदेखत खोडलेली टिपणी माणूस विसरत नाही. मग तो विचारणंच बंद करतो.

पहिल्याच आठवड्यात खिडकीवर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिची किंमत मोजतो तो आष्टी, उमरगा किंवा किनवटहून पहाटेच्या एसटीने आलेला विद्यार्थी. त्याला चुकीचं उत्तर मिळालं की मजुरीचा एक दिवस आणि भाडं बुडालं.

खिडकीवर बसण्याआधी नव्या कर्मचाऱ्याला मराठवाड्यातला कारभार नीट समजावून सांगा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. पण नांदेडचं विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला सुरू झालं. लातूरच्या महाविद्यालयातून 1985 मध्ये पदवी घेतलेल्याला पदवी प्रमाणपत्राची दुसरी (डुप्लिकेट) प्रत हवी असेल तर त्याचं दप्तर संभाजीनगरला आहे. त्याच्या पदवीवर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेल, कारण नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. पडताळणीच्या पत्रात ते नाव पाहून नवा माणूस गोंधळतो. हे विद्यापीठ तेच, 1958 चं, हे त्याला माहीत हवं. 1994 च्या आसपासचं प्रकरण असेल तर जिल्हा न विचारता गुणपत्रकावरचं नाव पाहूनच सांगायचं.

अभियांत्रिकीचे बरेच विद्यार्थी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे असतात आणि नावाच्या सारखेपणामुळे संभाजीनगरला येऊन उभे राहतात. वैद्यकीय आणि परिचर्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, कृषी परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे. एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवा. निदान दोन आठवडे त्याला अनुभवी माणसाच्या शेजारी बसवा. “उद्या या” म्हणायच्या आधी अर्जात कोणता कागद कमी आहे ते लिहून द्यायची सवय तिथेच लागते.

दुसऱ्याचा पासवर्ड

लॉगिन मिळेपर्यंत “माझ्याच नावाने करा” म्हणणं हा मदतीचा प्रकार नाही. गुणांत किंवा नावात दुरुस्ती झाली की प्रणालीत नोंद लॉगिनच्या मालकावर पडते. लॉगिनची मागणी रुजू होण्याच्या दिवशीच पाठवा. ते येईपर्यंत त्याच्याकडून आवक-जावक आणि नस्त्यांची लावणी करून घ्या.

विचारायचं कोणाला, हे ठरलेलं नसणं

“कोणालाही विचारा” म्हटलं की माणूस कोणालाच विचारत नाही. एक वरिष्ठ सहायक नावानिशी नेमा आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्यासाठी ठेवा. परीक्षा आणि निकालाच्या हंगामात ही पंधरा मिनिटं आधी कापली जातात. तेव्हाच ती सगळ्यात जास्त लागतात.

बाहेरगावहून आलेल्याला खोली कुठे मिळेल, त्या भागात नळाला पाणी किती दिवसांआड येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, शेवटची बस कधी, हेही याच माणसाने सांगावं. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजारोहण असतं. सुट्टी समजून गावी जायचं तिकीट काढण्याआधी त्याला हे कळायला हवं.