रब्बीच्या रानातलं गाजर गवत फुलण्याआधी काढा

सोलापूर भागात रब्बी ज्वारीसाठी बरीच रानं खरिपात पड असतात. पहिल्या पावसानंतर त्यात गाजर गवत दाटून येतं. पेरणीला अजून दीड-दोन महिने आहेत म्हणून ते तसंच वाढू दिलं, तर नुकसान ज्वारीचंच होतं.

हे तण पाणी आणि खत तर खातंच, वर शेजारच्या पिकावर विषही सोडतं. त्याच्या पानांवरच्या बारीक लवीत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पावसानं पानं धुतली, पाला कुजला, मुळांतून रस झिरपला, की ते आणि काही फिनॉलिक आम्लं मातीत उतरतात. मग बियाणं नीट उगवत नाही, मूळ आखूड राहतं. तूर, हरभऱ्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी कमी येतात. वांगी, टोमॅटो, मिरचीच्या फुलांवर त्याचे परागकण बसले, तर फळधारणाही घटते. बांधावरचं गवत म्हणूनच सोडू नये.

उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलतं आणि एका झाडाला हजारो बिया येतात. तेव्हा आत्ताच, वाफसा असताना मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर खालून पुन्हा फुटतं. मोठ्या रानात कुळवाची पाळी द्या. हातमोजे आणि अंगभर कपडे घालाच. या गवतानं अंगाला खाज, चट्टे आणि दमा झालेले मजूर मी पाहिले आहेत, बायकांना तर उघड्या हातांनी खुरपायला लावू नका.

उपटलेलं फुलोऱ्याआधीचं गवत खड्ड्यात शेण घालून कुजवा, चांगलं खत होतं. फुलावर आलेलं मात्र खतात टाकू नका. आणि पेरणीच्या तोंडावर हिरवं गवत रानात गाडू नका. गाडायचंच तर महिनाभर आधी, म्हणजे विष विरायला वेळ मिळेल. ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून पेरणार असाल, तर हे काम ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकलं पाहिजे.

गायरान, रस्त्याकडेला झायगोग्रामा हे मेक्सिकन भुंगे सोडता येतात. ते भारतात १९८४ च्या सुमारास आणले गेले आणि पावसाळ्यात पानं फस्त करतात. ते जिथं दिसतील तिथं कीटकनाशक फवारू नका. नांगरटीच्या रानात त्यांचा टिकाव लागत नाही. पडीक जागी तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेकलं तर तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो. मिठाचं पाणी मात्र शेतात मारू नका, आपल्या काळ्या जमिनी आधीच खारवटतात.