फिग्मा, स्केच की पेनपॉट? टूल निवडताना या चुका टाळा

ॲप किंवा वेबसाइटच्या स्क्रीन आखण्यासाठी नवं डिझाइन टूल घ्यायचं ठरलं की बहुतेक टीम तुलनेचे तक्ते उघडून बसतात. कशात काय आहे, काय नाही, महिन्याला किती पडतात. पण त्या तक्त्यात आपली स्क्रीन कुठेच नसते, आणि गडबड तिथूनच सुरू होते. चालू कामातली सगळ्यात किचकट स्क्रीन घ्या आणि ती प्रत्येक टूलमध्ये कोऱ्या पानापासून बांधा. एक-दोन दिवस जातील, जाऊ द्या.

इंग्रजी मजकुरावर टूल पारखू नका

मराठी ॲप करणाऱ्यांना ही चूक सगळ्यात महागात पडते. टूलसोबत येणारे नमुने इंग्रजीत असतात, म्हणून सगळं नीटनेटकं दिसतं. तिथे स्वतःचा मजकूर टाकून बघा. मी एका फॉर्मवर 'कुटुंबातील विद्यार्थ्यांची माहिती' असं शीर्षक टाकलं होतं, लाइन हाइट (अक्षरांच्या आकाराच्या तुलनेत ओळीची उंची) १०० टक्के. शीर्षक दोन ओळींत मोडलं आणि वरच्या 'टुं'चा उकार खालच्या 'र्थ्यां'च्या रफार-अनुस्वारात जाऊन रुतला. वाचणारा अडखळणारच. लाइन हाइट १५० टक्क्यांपासून सुरू करा आणि डोळ्यांनी बघत कमी-जास्त करा.

दुसरी गोष्ट फॉन्टची. इंटर किंवा रोबोटो निवडून मराठी टाइप केलं तर अक्षरं दिसतात खरी, पण त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. टूल गुपचूप दुसरा फॉन्ट उचलतं, डेव्हलपरच्या फोनवर तिसराच येतो, आणि मग 'डिझाइनप्रमाणे का नाही केलं' यावर वाद होतात. 'मुक्त' (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी असा फॉन्ट नाव घेऊन लावा आणि तोच ॲपमध्ये घालायला सांगा. ग्राहकाकडून आलेला मजकूर चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर टूलला दोष देऊ नका. तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आहे, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बटणही तपासा. इंग्रजीत एक शब्द असतो, मराठीत 'अर्ज सादर करा' होतं. फिग्मात ऑटो लेआउट आणि पेनपॉटमध्ये फ्लेक्स लेआउट लावला, रुंदी मजकुराप्रमाणे ठेवली, की बटण आपोआप वाढतं. रुंदी पक्की बांधली असेल तर अक्षरं बाहेर सांडतात.

प्रोटोटाइप कशासाठी हवा, हे न ठरवता सुरुवात करू नका

प्रोटोटाइप म्हणजे ॲपचा दाबून बघता येणारा नमुना. फक्त 'इथे दाबलं की तिकडे जातं' दाखवायचं असेल तर फिग्मा किंवा स्केच पुरे. पण वापरणाऱ्याने खरोखर मोबाइल नंबर टाइप करायचा आहे, नऊच आकडे पडले तर चूक दाखवायची आहे, ओटीपी चुकला तर परत यायचं आहे, असं असेल तर काम वेगळं. मी हे एकदा जोडण्यांच्या रेषांनी करायला गेलो आणि एका फॉर्मसाठी चाळीसेक फ्रेम (वेगवेगळ्या स्थितीतल्या स्क्रीन) झाल्या. एक रकाना वाढला की सगळं पुन्हा जोडा. ॲक्शर आरपी या टूलमध्ये टाइप करता येणारे रकाने, व्हेरिएबल (टाकलेली माहिती लक्षात ठेवणारे) आणि अटी आहेत, तिथे हेच काम मोजक्या पानांत उरकतं. फोनचा सेन्सर वापरायचा असेल तर प्रोटोपाय हे टूल बघा. फिग्मातही २०२३ पासून व्हेरिएबल आणि अटी आल्या आहेत, पण लांबलचक फॉर्मसाठी माझा कौल अजून ॲक्शरलाच.

आणि प्रोटोटाइप लॅपटॉपवर बघून पास करू नका. मोठ्या पडद्यावर, माउसच्या टोकाने, कोणतंही बटण नेमकं लागतं. फोनवर अंगठ्याने दाबून बघा. अँड्रॉइडसाठी दाबायची जागा किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) हवी, आयफोनसाठी ४४ पॉइंट.

टीम आणि फाइल

स्केचचं मुख्य ॲप फक्त मॅकवर चालतं. टीममधले निम्मे लोक विंडोजवर असतील तर त्यांना ब्राउझरमध्ये फाइल बघता येईल, स्क्रीन बनवता येणार नाही. हे पहिल्याच दिवशी विचारा.

टूल कायम राहील असंही धरू नका. इनव्हिजन हे डिझाइन टूल २०२४ च्या अखेरीस बंद झालं. ॲडोबीने एक्सडी या आपल्या डिझाइन टूलचा विकास थांबवून ते देखभालीपुरतं ठेवलं. दरवेळी त्रास होतो तो जुन्या फाइलींचा. म्हणून प्रोजेक्ट संपला की स्क्रीनचे पीडीएफ, आयकॉनचे एसव्हीजी आणि रंग-फॉन्टची साधी यादी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ज्यांचा डेटा बाहेर जाऊन चालत नाही, त्यांनी पेनपॉट जरूर बघावं: ते ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. फक्त तो सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे ना, हे आधी बघा. अपडेट आणि बॅकअप त्यालाच करावे लागणार.