चतुराची शिकार आणि त्याचं अख्खं आयुष्य स्वतःच्या डोळ्यांनी कसं बघायचं

चतुर बघितला नाही असा माणूस सापडणार नाही, लहान मुलं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि मागे पळतात, पण तोच चतुर शिकार करताना नीट बघितलाय असं सांगणारे फार कमी भेटतात आणि पाण्यातून बाहेर येऊन कात टाकताना बघितलेले तर अगदीच थोडे. यासाठी जंगलात जावं लागत नाही की भारी कॅमेरा लागत नाही. गावचं तळं, शेततळं, भातखाचर, शहरातला नालासुद्धा चालतो. लागतो फक्त वेळ, आणि एका जागी गप्प बसायची तयारी. एक गोष्ट आधीच सांगतो, आपल्याला उडताना दिसतो तो चतुर म्हणजे त्याच्या आयुष्याचा शेवटचा काही आठवड्यांचा भाग असतो, त्याआधीचं सगळं पाण्याखाली झालेलं असतं, त्यामुळे ज्याला चतुर खरा समजून घ्यायचाय त्याने वर आकाशात बघायचं तेवढंच खाली पाण्यातही बघायचं.

कधी जायचं, सोबत काय घ्यायचं

पाऊस सुरू झाला की चतुर दिसायला लागतात पण सगळ्यात भारी दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे. पाऊस उघडलेला असतो, ऊन असतं, डबकी भरलेली असतात आणि खायला किडे भरपूर. चतुराला उडायला ऊन लागतं, त्यामुळे सकाळी ९ ते ११ ही वेळ पकडा. ढगाळ असेल तर तो गवतात बसून राहतो आणि तुम्ही कंटाळता.

सोबत फोन (स्लो मोशन व्हिडिओ होत असेल तर सोन्याहून पिवळं), एक भिंग, पिठाची चाळण, पांढरा प्लास्टिकचा टब आणि वही. दुर्बीण असेल तर घ्या, जवळचं फोकस होणारी असली तर फारच छान. पायात गमबूट घाला, बांधावर साप असू शकतात. आणि पायाला जखम असेल तर खाचरात किंवा साचलेल्या पाण्यात अजिबात उतरू नका, कोकणात पावसाळ्यात लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार) भीती असते हे तिकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आधी चतुर आणि टाचणी वेगळे ओळखा

चतुर बसला तरी पंख पसरून बसतो. त्याची लहान बारीक भावंडं म्हणजे टाचण्या, त्या बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून बसतात आणि त्यांचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना लांब लांब असतात. चतुराचे डोळे मात्र इतके मोठे की बऱ्याच जातींमध्ये ते वर एकमेकांना टेकलेले असतात. मोठ्या जातींमध्ये एका डोळ्यात ३०,००० पर्यंत छोटी भिंगं असतात, म्हणून तुम्ही मागून गेलात तरी त्याला कळतं.

दुसरं ओळखायचं ते शिकारीची पद्धत. काही चतुर काडीवर बसून वाट बघतात, एखादा किडा गेला की झेप घेतात आणि परत त्याच काडीवर येतात. काही बसतच नाहीत, तासन् तास हवेत फिरत फिरतच खातात. सुरुवात काडीवर बसणाऱ्यांपासून करा, फिरणाऱ्यांच्या मागे लागलात तर मान दुखेल आणि हाती काही लागणार नाही. नाल्याकाठी नारिंगी झाक असलेल्या पंखांचा जो चतुर असतो, ज्याला डिच ज्वेल म्हणतात, तो सुरुवातीला उत्तम कारण घाण पाणीही त्याला चालतं आणि तो पुण्या-मुंबईतही सगळीकडे आहे.

शिकार कशी बघायची

काठापासून थोडं लांब, काडीवर बसलेला एकच चतुर निवडा. दहा चतुर बघायला गेलात की एकही दिसत नाही. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा पण सावली त्याच्यावर पडू देऊ नका, दोन-अडीच मीटरवर खाली बसा आणि हलू नका. पहिल्यांदा तो उडून जाईल, जाऊ दे, तुम्ही बसून राहा, बहुतेक वेळा तो परत येतो.

आता त्याच्या पंखांकडे नाही तर डोक्याकडे बघा. वरून एखादं चिलट गेलं की त्याचं डोकं टचकन तिकडे वळतं, अंग तसंच, फक्त डोकं. कधी नुसतं वळतं आणि तो उठतच नाही, म्हणजे किडा फार मोठा किंवा फार लांब होता, हे त्याने बसल्या बसल्या ठरवलेलं असतं. आणि उठला तर सेकंद-दोन सेकंदात सगळं संपतं. त्यामुळे फोनचं रेकॉर्डिंग आधीपासून चालू ठेवायचं, डोकं वळल्यावर बटण दाबायला गेलात तर उशीर झालेला असतो.

व्हिडिओ हळू करून बघा. तो किड्याच्या मागे धावत नाही, किडा पुढच्या क्षणी जिथे असणार तिथे जातो, तेही खालून वर, म्हणजे किड्याला तो दिसायच्या आतच पोचतो. त्याचे चारही पंख वेगवेगळे हलू शकतात त्यामुळे हवेतल्या हवेत वळणं, थांबणं, मागे येणं सगळं जमतं. शेवटच्या क्षणी सहाही काटेरी पाय पुढे येतात आणि त्यांच्यात किडा अडकतो. हे पाय चालायला जवळजवळ निरुपयोगी आहेत, ते पकडायला आणि काडी धरायलाच बनलेत. प्रयोगांमध्ये चतुराने १०० पैकी ९० ते ९५ झेपा यशस्वी केल्याची नोंद आहे, वाघ-सिंह याच्या जवळपासही येत नाहीत. परत काडीवर आला की भिंग नको, दुर्बिणीतून तोंड बघा, जबडे आडवे हलताना दिसतात आणि कधी कधी किड्याचे पंख खाली पडतात.

एक टिप. अगदी पाण्याच्या कडेला बसलेले बहुतेक नर असतात आणि त्यांचं अर्धं लक्ष आपला इलाका राखण्यात असतं, ते दुसऱ्या नरांना हाकलण्यातच वेळ घालवतात. शिकार नीट बघायची असेल तर पाण्यापासून जरा दूर, गवताळ पडीक जमिनीवर किंवा मैदानाच्या कडेला बघा, माद्या आणि नवे चतुर तिथेच खात असतात. आणि हिरवट-पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला, कमरेत बारीक असा ग्रीन मार्श हॉक दिसला तर त्याला सोडू नका, तो फुलपाखरं खातो आणि जवळजवळ आपल्याच आकाराचे दुसरे चतुरही धरून खातो.

दुपारी ऊन कडक झालं की काही चतुर शेपटीचं टोक सरळ सूर्याकडे करून उभे राहिल्यासारखे बसतात. शिकारीशी याचा संबंध नाही, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून ते तसं करतात.

जोडी आणि अंडी

एका नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान धरलीय आणि मादीने पोट पुढे वळवून गोल केलाय असं दिसलं तर ते मीलन चाललंय. त्यानंतर ती अंडी घालते ते बघा, कारण इथे जाती-जातीत फरक आहे. बरेच चतुर उडता उडता पोटाचं टोक पाण्याला टप टप लावतात आणि अंडी सोडतात, नर वरती घिरट्या घालत पहारा देतो. टाचण्या आणि काही मोठे चतुर मात्र पाणवनस्पतीच्या देठात भोक पाडून आत अंडं घालतात, टाचणी कधी कधी त्यासाठी पाण्याखालीसुद्धा उतरते. पहारा का, तर दुसरा नर आला तर तो आधीच्या नराचं बीज बाहेर काढून टाकू शकतो, १९७९ साली जोनाथन वागे या शास्त्रज्ञाने एका टाचणीत हे दाखवून दिलं.

आपल्या गाडीच्या बॉनेटवर चतुर टप टप करताना दिसला असेल ना, ती हीच मादी. चकचकीत गडद रंगावरून प्रकाश पाण्यासारखाच परावर्तित होतो आणि ती फसते, ती अंडी वाया जातात. तळ्याजवळ गाडी लावणार असाल तर झाडाच्या सावलीत लावा.

पाण्यातलं पिल्लू

आता चाळण काढा. काठाजवळ जिथे पाणवनस्पती आणि सडका पाला असतो तिथे हळूच चाळण फिरवा आणि त्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या टबात उपडी करा. दोन मिनिटं काही करू नका. गाळ बसला की मातकट रंगाचं, सहा पायांचं, मोठ्या डोळ्यांचं काहीतरी सरकताना दिसेल. शेपटीला तीन पानांसारख्या पाती असतील तर टाचणीचं पिल्लू, त्या पाती म्हणजे तिचे कल्ले, श्वास घ्यायला. नसतील आणि अंग जाड असेल तर चतुराचं. चतुराच्या पिल्लाचे कल्ले गुदद्वाराच्या आत असतात, ते तिथूनच पाणी आत घेतं, आणि घाबरलं की तेच पाणी जोरात मागे फेकून पुढे सटकतं. काडीने हलकेच डिवचलंत तर हे लगेच दिसेल, पण एकदाच करा, पुन्हा पुन्हा त्रास नको.

त्याच्या शिकारीचं हत्यार हनुवटीखाली लपलेलं असतं. खालचा ओठ लांब असतो आणि कोपरातून दुमडलेल्या हातासारखा डोक्याखाली घडी करून ठेवलेला असतो, टोकाला आकडे. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे येतो आणि अळी ओढून तोंडात. हे बघायला पिल्लू घरी आणायचं तर एका भांड्यात एकच ठेवा, दोन ठेवलीत तर उद्या एकच उरेल. पाणी त्याच तळ्यातलं, नळाचं नको. थोडी वाळू, एखादी पाणवनस्पती, आणि पाण्यावर वीतभर येणारी खरबरीत काडी तिरकी लावा. खायला डासांच्या अळ्या. मोठी पिल्लं बेडकाची पिल्लं आणि बारीक माशांनाही सोडत नाहीत, म्हणून माशांच्या टाकीत चुकूनही टाकू नका.

डासांचा विषय निघालाच आहे म्हणून, म्यानमारच्या यांगोन शहरात लोकांच्या घरातल्या पाण्याच्या भांड्यांत लाल चतुराची पिल्लं सोडून डेंग्यूचे डास कमी करून दाखवले होते, १९९० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण नुसते चतुर उडतायत म्हणून घरातला डेंग्यू जाईल असं समजू नका, तो डास आपल्याच पिंपात आणि कुंडीखालच्या बशीत वाढतो, ते आपणच ओतून द्यायचं.

बाहेर येताना कसं बघायचं

चतुराला कोष नसतो. पिल्लू साधारण ९ ते १४ वेळा कात टाकत मोठं होतं. पावसाच्या डबक्यात वाढणाऱ्या जाती हे सगळं दीड-दोन महिन्यांत उरकतात कारण डबकं आटायच्या आत बाहेर पडायचं असतं, उलट दार्जिलिंग-नेपाळकडच्या थंड ओढ्यांतल्या एका जातीला पाच वर्षांहून जास्त लागतात.

पिल्लाने खाणं सोडलं, पाठीवरचे पंखांचे कोंब फुगले आणि ते काडीजवळ पाण्याच्या वरच्या थरात येऊन बसायला लागलं की समजा एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. बऱ्याच जाती रात्री नाहीतर पहाटे बाहेर येतात, त्यामुळे पहाटे टॉर्चवर लाल जिलेटीन लावून बघा. पिल्लू काडीवर चढतं, नखं घट्ट रुतवतं, मग पाठ फाटते आणि फिकट मऊ चतुर डोकं आधी काढत मागे लोंबकळतो. इथे तो बराच वेळ हलत नाही आणि मेला की काय असं वाटतं, पण त्याचे पाय कडक होत असतात. मग एकदम वर उठून जुनी कात पकडतो आणि शेपूट ओढून काढतो. पंख सुरुवातीला चुरगळलेले असतात, अंगातलं द्रव भरत भरत ते पसरतात. या सगळ्याला साधारण दोन-तीन तास लागतात आणि या वेळात हात लावायचा नाही, फुंकर नाही, काडी सरळ करणं नाही. पडला तर पंख कायमचे वाकडे राहतात.

उडून गेल्यावर कात तिथेच राहते. ती भिंगाखाली धरा, आतून पांढरे दोरे लोंबताना दिसतील, ते त्याच्या श्वासनळ्यांचं अस्तर. तो दुमडलेला ओठही त्यात जसाच्या तसा असतो, पिनने हळूच उलगडून मुलांना दाखवा. तळ्याकाठच्या गवतावर अशा काती शोधणं हा पिल्लू घरी न आणता सगळं कळायचा सगळ्यात चांगला मार्ग, आणि मला तरी तोच जास्त आवडतो.

पिवळ्या चतुरांचे थवे

ऑक्टोबरमध्ये मैदानावर शेकडो पिवळसर चतुर न बसता फिरताना दिसले तर ते बहुतेक वाँडरिंग ग्लायडर. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की जिथे गोडं पाणी जवळपास नाही तिथे दरवर्षी ऑक्टोबरात इतके चतुर येतात कुठून, आणि २००९ मध्ये त्याने मांडलं की ते भारतातून निघून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, वाऱ्यावर स्वार होऊन. परतीचा प्रवास पुढच्या पिढ्या करतात. अमूर ससाणे (लांबचं स्थलांतर करणारे छोटे शिकारी पक्षी) त्याच सुमाराला आफ्रिकेकडे निघतात आणि त्यांच्या खाण्यात हे चतुर असतात. थवा दिसला की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि ते कुठल्या दिशेने सरकतायत एवढं वहीत लिहा.

चतुराच्या शेपटीला दोरा बांधू नका आणि मुलांनाही बांधू देऊ नका, तो चावला तरी विषारी नाही, डंख तर त्याला नाहीच. आणलेलं पिल्लू ज्या पाण्यातून आणलं तिथेच सोडा. फोटो काढले असतील तर आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी आणि फोटो टाकायची वेबसाइट) टाका, टाकताना वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो द्या, कारण नुसत्या वरच्या फोटोवरून बऱ्याच जाती ओळखता येत नाहीत.